वहिनीला चार्जर लागला

आमच्या घरात एक म्हण आहे. ती बाहेर कुठं चालत नाही. सणसरच्या आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत तिची हद्द. घरातली बाई जरा जास्त बोलायला लागली की कुणीतरी बाप्या म्हणतो, "लागला का चार्जर?" आणि सगळे हसतात. मोबाईलचा चार्जर नव्हे. मोबाईल जन्माला यायच्या आधीपासूनची म्हण आहे ही. चार्जर ट्रॅक्टरच्या बॅटरीचा, आणि बाई म्हणजे मूळची मी.

यंदा नातीच्या साखरपुड्यात ही म्हण हद्द ओलांडून गेली. मुलाकडची मंडळी लोणी भापकरची, साधी, गोड बोलणारी. पंगतीत जिलबी फिरत होती आणि माझे धाकटे दीर पाहुण्यांना आग्रह करत होते. घरदार त्यांना तात्या म्हणतं, मी भावजी म्हणते. तर भावजी म्हणाले, "पाव्हणं, पोरगी गुणाची हाय आमची. फकस्त आजीवर गेलीय. एकदा चार्जर लागला की थांबत न्हाय."

पाहुण्यांना काही कळलं नाही. त्यांनी खुलासा विचारला आणि भावजींनी तो मिटक्या मारत दिला. पंगत हसली. नवरा मुलगाही हसला, त्याला काय कळलं कुणास ठाऊक. नात पाणी वाढत होती. तिनं तांब्या तिथंच ठेवला आणि आत निघून गेली.

मी मागोमाग गेले. ती कपाटाला पाठ लावून उभी होती.

"आज्जी, हे आता माझ्या मागं लोणीपर्यंत येणार."

"येऊ दे. चार दिवस हसतील, विसरतील."

"तुला विसरले?"

तीच पुढं म्हणाली, "ती गाडी अजून आहे ना? मला ती माझ्या रुखवतात मांडायचीय. शिट्टी वाजली पाहिजे. आणि थांबली पण पाहिजे. सगळ्यांसमोर."

आता ती गाडी सांगते.

माझं माहेर बावडा. माझा मामा मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. माझ्या लग्नाला त्यानं अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून, जुन्या बाजारातून, एक खेळण्यातली आगगाडी आणली. खेळणं म्हणायचं, पण इंजिन उचलायला दोन हात लागायचे. मागं कोळशाचा डबा, आणि त्या डब्याच्या पोटात शिट्टी. शिट्टी म्हणजे काय, आत बोटभर मोटार, तिला एक छोटा पंखा, पंख्याची हवा एका खोक्यात घुमते आणि खऱ्या इंजिनासारखा हुंकार बाहेर पडतो. गाडीबरोबर काळा ट्रान्सफॉर्मर होता. त्याला दोन दांडे, एक वेगाचा आणि एक शिट्टीचा. अमेरिकेतली वीज आपल्यापेक्षा निम्म्या जोराची, म्हणून आपली वीज निम्मी करणारं आणखी एक डबडं मामानं मध्ये जोडलं होतं. बावड्याच्या मंडपात माझ्या रुखवताच्या टेबलावर बुंदीच्या लाडवांभोवती ती गाडी फिरली, मामानं दांडा दाबला की शिट्टी वाजली, सोडला की थांबली. लोक नवरीला बघायचं सोडून गाडी बघत होते.

मग वरपक्ष आला. भावजी तेव्हा मोटार दुरुस्तीचा कोर्स करत होते, म्हणजे मंडपातले सगळ्यात मोठे तज्ज्ञ. त्यांनी ते मधलं डबडं उचललं, हलवून बघितलं, "ह्ये मधी कशाला?" म्हणाले आणि ट्रान्सफॉर्मरची पिन थेट बोर्डात खोचली. गुर्रर्र झालं, धूर निघाला, लाडवांना जळक्या वार्निशचा वास लागला. भावजींनी हात झटकले. "अमेरिकेचा माल. नुसता दिखावा."

मामा मुलीकडचा. त्यानं निमूट पिन उपटली.

आणि मी? मुंडावळ्यांच्या आडून बघत होते आणि मनात म्हणत होते, काय हुशार दीर मिळाला बाई मला! नुसतं हातात घेतलं आणि माल कच्चा आहे हे ओळखलं! अशी मी. त्या पोरीला आज हाताला धरून विचारावंसं वाटतं, बये, तुझ्या डोळ्यांवर मुंडावळ्या होत्या की झापड?

सासरी आल्यावर गाडी कपाटावर गेली आणि पुरुषांची झाली. रुखवत माझं, पण हात त्यांचे. रविवार आला की भावजी आणि आमचे हे ती खाली काढायचे. मी उजेडाला टॉर्च धरायचा आणि चहा आणायचा. हात पुढं केला की सासूबाई म्हणायच्या, "शॉक बसंल, बाईमाणसानं लांब राहावं." मी तेव्हा रोज विहिरीवर अनवाणी, ओल्या पायांनी जाऊन उसाची मोटार चालू करत होते. पाच एचपीचा स्टार्टर. तिथं शॉक बसत नव्हता. तो फक्त खेळण्यातल्या गाडीला बसायचा. आणि मला हे पटायचं! मी मान डोलवून दोन पावलं मागं सरायची.

जळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या जागी त्यांनी काय काय लावलं. पहिल्यांदा दाराच्या घंटीचा. त्यावर इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी म्हशीसारखी जागेवर हुंकारली, हलली नाही. मग ह्यांनी बारामतीतल्या एका रेडिओवाल्याकडून एक गुंडाळून आणला. त्यावर गाडी सुरेख पळायची, पण शिट्टी मुकी. फुंकर मारली, तेल सोडलं, डबा आपटला, शिट्टी मुकीच. मग एक दिवस भावजींनी ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर आणून जोडला, आणि शिट्टी वाजली. वाजली ती थांबेचना. गाडी गरागरा फिरतेय आणि बोंबलतेय. गोठ्यातल्या गाईंनी दावी ताणली. सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, "बंद करा ते, कुनी मेलं का काय?"

तेव्हा भावजी म्हणाले, "बाईच्या जातीची हाय. घंटीवर मुकी आन् चार्जर लागला की थांबंना."

ओसरीभर हसू. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? मी. चहाचा ट्रे हातात धरून हसले, कपांतला चहा बशांत सांडेपर्यंत. इतका छान विनोद आपल्या घरात झाला याचं मला कौतुक वाटलं.

पुढच्याच आठवड्यात पाण्याच्या पाळीवरून बोलणं चाललं होतं, मी मध्ये काहीतरी म्हणाले, आणि भावजी म्हणाले, "वहिनीला चार्जर लागला." झालं. म्हण तयार झाली. मग मी भाजीत मीठ जास्त का पडलं सांगायला लागले तरी चार्जर. पुढं माझ्या मुलीला बारामतीच्या कॉलेजात घालायचं की दहावीवर बास करायचं, हे ओसरीवर ठरत होतं. मी दारात उभी राहून म्हणाले, तिला शिकायचंय. भावजी म्हणाले तेच. सगळे हसले. आमचे हेही हसले, सवयीनं. मी आत गेले. दहावीवर बास ठरलं.

हे आता लिहितानाही माझे दात आवळले जातात. लोक म्हणतात वयानं राग निवतो. माझा नाही निवला, मुरला.

तर साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी माळ्यावरून खाली आली. माझा मुलगा, नातीचा बाप, म्हणाला, "आई, कशाला कुटाणा करतीस? शिट्टीचा डबा उचकून टाकू आन् आत ब्लूटूथचा छोटा स्पीकर बसवू. मोबाईलवरून पायजे तवा वाजंल, पायजे तवा थांबंल."

"आवाज कुणाचा?"

"कुठलाबी डाउनलोड करू की. आवाजाचं काय एवढं?"

मी म्हणाले, "आवाजाचंच आहे सगळं. त्या डब्याला हात लावलास तर लग्नात मी बसकण मारीन." तो गेला. माझ्या बसकणीला तो भितो.

नातीनं आणि मी डबा उघडला. आत तेलाची काकवी झाली होती, पंखा त्यात रुतून बसलेला. रॉकेलात बुडवलेल्या ब्रशनं सगळं साफ केलं, पुसलं, वाळवलं आणि शिट्टीच्या मोटारीला टॉर्चच्या सेलांच्या तारा थेट लावल्या. ती वाजली. बारीक वाजली, दम लागलेल्या माणसासारखी, पण वाजली. म्हणजे शिट्टी धडधाकट होती. इतकी वर्षं जिच्यावर फुंकरा मारल्या, जिला आपटलं, तिच्यात खोट नव्हतीच.

मग ट्रान्सफॉर्मर शोधायला मी बारामतीला गेले. दुकानदाराला म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर पाहिजे."

"आज्जी, डीपी जळाली व्हय? त्ये हितं न्हाय मिळत. बोर्डाच्या हापिसात अर्ज करावा लागतुय."

"खांबावरची डीपी नाही रे बाबा. आगगाडीचा."

त्यानं माझ्या मागं कुणी जाणतं माणूस उभं आहे का ते बघितलं. "आज्जी, बरोबर कोन आलंय?"

"मीच आलेय माझ्याबरोबर. बारा व्होल्टचं काय आहे ते दाखव."

त्यानं कॅमेऱ्याला लावतात तो अडॅप्टर दिला, "ह्यो समद्याला चालतोय" म्हणाला. घरी आणून रुळांना जोडला. गाडी पळाली आणि बोंबलायला लागली, थेट चार्जरसारखी, न थांबता. नातीनं पिन उपटली. मी इतकी चिडले की अडॅप्टर उसात भिरकावणार होते. नातीनं तो हातातून काढून घेतला म्हणून त्याच्या पाठीवरचं लिहिलेलं वाचलं गेलं.

"आज्जी, यावर डीसी लिहिलंय. तो ट्रॅक्टरचा चार्जर पण डीसीच. आणि आजोबांनी आणलेला रेडिओवाल्याचा एसी."

एसी म्हणजे झोके घेणारी वीज, डीसी म्हणजे सरळ वाहणारी, एवढं विहिरीच्या मोटारीवरच्या वायरमनकडून ऐकून मलाही ठाऊक होतं. झोक्यावर गाडी मुकी, सरळवर बोंबलते. मग मी परत डब्यात डोकं घातलं. शिट्टीच्या मोटारीशेजारी एक इवलासा खटका होता. तांब्याच्या तारेचं बंडल आणि त्याच्यापुढं लोखंडाची पट्टी. हा मी ओळखत होते. स्टार्टरमध्ये असतो तोच, फक्त मुंगीएवढा. पट्टी बंडलाला चिकटली की मोटार चालू, सुटली की बंद. ही पट्टी झोक्याच्या विजेला भीक घालत नव्हती, सरळ वीज आली की चिकटत होती. म्हणजे गाडी झोक्यावर चालवायची आणि शिट्टी हवी तेव्हाच त्यात सरळ विजेची चिमूट टाकायची, आमटीत वरून मीठ टाकतात तशी. चिमूट काढली की शिट्टी बंद.

मामाच्या ट्रान्सफॉर्मरचा दुसरा दांडा हेच करत होता. ती चिमूट टाकत होता.

हे कळलं तेव्हा मी डबा खाली ठेवला. गाडीला दोन्ही येत होतं, वाजणं आणि थांबणं. बावड्याच्या मंडपात सगळ्यांनी ते बघितलं होतं. ज्या दांड्यानं ते व्हायचं तो भावजींनी जाळला, आणि मग ती बोलत नाही म्हणून हसले, थांबत नाही म्हणून हसले, आणि ते हसू आणून माझ्या गळ्यात बांधलं. त्यांच्या हातची चूक, आणि नाव माझं!

नातीनं मोबाईलवर शोधाशोध केली. अमेरिकेतले म्हातारे अशाच गाड्या घेऊन बसलेले असतात म्हणे, आणि कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर कुठली शिट्टी वाजत नाही यावर एकमेकांशी भांडतात. तिकडंही सगळे बाप्येच. पण त्यांच्यातल्या एकानं एक चित्र टाकलं होतं, गाडीच्या एका तारेत ओळीनं डायोड जोडायचे. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेला जाऊ देणारा मण्याएवढा तुकडा. बरेचसे एका तोंडानं, आणि त्या ओळीला शेजारून जोडलेला एक उलट तोंडानं, म्हणजे झोका एका बाजूला जरा अडखळतो, आणि तेवढीच सरळ विजेची चिमूट मिळते. या माळेला वळसा घालणारं एक बटण लावायचं. वळसा जोडलेला असला की वीज माळेकडं फिरकतच नाही.

मी परत त्याच दुकानात. "आज्जी, डीपी बसली का?"

"बसली. आता मणी दे."

माळ मी केली. पहिल्यांदा निम्मे मणी उलटे लावले आणि काहीच झालं नाही. चष्मा बदलून सगळे उकलले, परत लावले. बटणासाठी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतला जुना स्टार्टर काढला. आता मोटार मुलगा मोबाईलवरून चालू करतो, स्टार्टर नुसता टांगलेला होता. हिरवं बटण चालू करायचं, लाल बंद करायचं. मी अर्थातच हिरवं काढलं. शिट्टी चालू करायचीय ना, मग हिरवंच!

सगळं जोडलं, रेडिओवाल्याचा ट्रान्सफॉर्मर लावला, आणि बटणाला हात लावायच्या आधीच गाडी बोंबलायला लागली. दचकून हिरवं दाबलं तर थांबली. सोडलं तर परत बोंब. ओसरीच्या टोकाला मुलगा बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "आई, लागला का चार्जर?"

वाईट मनानं म्हणाला नाही. ऐकत मोठा झालाय. पण मी हातातला पाना त्याच्या दिशेनं फेकला. लागला नाही. नेम पूर्वीसारखा राहिला नाही माझा. तो मात्र उठून उभा राहिला आणि पाना उचलून माझ्याजवळ आणून ठेवला.

मी हिरव्या बटणाकडं बघत बसले. हिरवं दाबलं तरच जोडलं जातं, एरवी तुटलेलं असतं. म्हणजे वळसा तुटलेला, वीज सारखी माळेतून. मला उलटं पाहिजे होतं. एरवी जोडलेलं, दाबल्यावर तुटणारं. ते कुठलं? लाल. बंद करायचं. विहिरीवर जे दाबून मी इतकी वर्षं मोटार गप्प केली ते.

लाल बसवलं. गाडी सोडली. ती गपचूप फिरली, एक फेरी, आणखी एक. लाल दाबलं. शिट्टी. सोडलं. शांत. नातीनं माझा हात बाजूला सारून स्वतः दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. मुलगा जवळ येऊन बघून गेला. "लाल बटनानं चालू हुतंय व्हय?" एवढंच म्हणाला.

लग्न बारामतीच्या कार्यालयात झालं. रुखवताच्या टेबलावर करंज्या, लाडवांचा मनोरा, नातीनं विणलेलं तोरण, आणि सगळ्याभोवती रूळ. मी टेबलाला खुर्ची लावून बसले होते आणि लाल बटण माझ्या मांडीवर, पदराखाली.

लोणीची मंडळी रुखवत बघायला आली. पुढं भावजी. पांढरा फेटा, हातात पानाचा विडा.

"अरं तिच्या! चार्जरवाली गाडी! पाव्हणं, मी साखरपुड्यात म्हनालो न्हवतो का? हीच ती. बाईच्या..."

मी लाल दाबलं. शिट्टी अशी घुमली की लाडवांचा मनोरा थरथरला. सोडलं.

"तर काय सांगत हुतो, बाईच्या जा..."

दाबलं. सोडलं.

लोणीच्या बायका हसायला लागल्या. भावजींनी टेबलाखाली वाकून बघितलं. "चार्जर कुटं लपवलाय, वहिनी?"

"चार्जर न्हाय, भावजी. तुमी बोला की. मी कुठं काय बोलतीय?"

"तसं न्हाय, ही गाडी म्हंजी..."

दाबलं. या वेळी जरा जास्त वेळ. शिट्टी वाजताना गाडीची वीज थोडी कमी पडते, ती रेंगाळते, पण थांबत नाही. सगळे तिच्याकडं बघत होते. नवरा मुलगा पुढं आला आणि भावजींना म्हणाला, "तात्या, थांबती की ही. मस्त थांबती."

"आता थांबती," भावजी म्हणाले. "आमच्या टायमाला न्हवती थांबत. बिघाडच हुता तिच्यात."

"बिघाड न्हवता. तुमी बावड्याच्या मांडवात मधलं डबडं काढून पिन बोर्डात घातली. तवा जळालं."

भावजींनी विडा तोंडात घातला, चावला. खरंच आठवायचा प्रयत्न केला त्यांनी. "कुठलं डबडं?"

त्यांच्या ध्यानातच नव्हतं. माझं अख्खं आयुष्य त्या डबड्यावरून गेलं होतं आणि ह्या माणसाच्या डोक्यात त्याची राखसुद्धा नव्हती. मला तिथं जो राग आला, तसा पंगतीत आला नव्हता, ओसरीवर आला नव्हता. मी खुर्चीतून उठले आणि सांगायला लागले. मामापासून. डबड्यापासून. घंटीचा ट्रान्सफॉर्मर, रेडिओवाला, चार्जर, पाण्याची पाळी. माझी मुलगी तिथंच नातेवाईकांत उभी होती, तिच्याकडं बोट करून दहावीपर्यंत सगळं सांगितलं. घोळक्यातला कुणीतरी "वहिनीला..." म्हणाला, आणि पुढचा शब्द उच्चारायच्या आधी शिट्टी वाजली. माझ्या हातात बटण नव्हतं. उठताना ते खुर्चीवर राहिलं होतं. नातीनं उचललं होतं, हिरवा चुडा भरलेल्या हातानं.

मी बोलत राहिले. माझं सांगून झालं तेव्हा गुरुजी मुलीला बोलवायला आले होते आणि दारात ताटकळले होते. भावजी पानाची पिचकारी टाकायला बाहेर गेले, ते अक्षतांपर्यंत आले नाहीत.

बटण नातीनं लोणीला नेलं. गाडीही नेली. परवा फोनवर म्हणाली, सासरे रोज संध्याकाळी शिट्टी वाजवायला मागतात.

"मग देतेस का?"

"विचारलं तर देते," ती म्हणाली.